"घरी इंटिमेट करायचं नाही!"

इंग्लंडमध्ये मी पोलिसांसाठी मराठी दुभाषी म्हणून काम करते. प्रकरण कुठलं, आरोप काय, हे सांगता येणार नाही. एका शब्दावरून उडालेला गोंधळ सांगायला मात्र हरकत नसावी.

अटकेतला मुलगा आपल्याकडचाच, शिकायला आलेला. अटकेची खबर कुणाला द्यायची का, हे इथे ठाण्यात आणल्याबरोबर विचारतात. तो ठाम नाही म्हणाला. गावी वडिलांच्या कानावर गेलं तर संपलंच! तोंडातला स्वॅबही निमूट दिला.

नंतर अधिकारी म्हणाला, आता 'इंटिमेट सॅम्पल' हवंय, रक्ताचं. लेखी संमती द्या. मी तोंड उघडायच्या आत पोरगं ताडकन उभं. "ताई, सांगा त्यांना, घरी इंटिमेट करायचं नाही! मी आधीच नाही म्हटलंय!"

अधिकाऱ्याला त्यातलं 'इंटिमेट' आणि 'नाही'चा आविर्भाव तेवढा कळला. सबळ कारणाशिवाय दिलेला नकार इथे पुढे न्यायालयात अंगाशी येऊ शकतो. खुलाशापुरतं मध्ये बोलायची दुभाष्याला मुभा असते, ती मी घेतली. आमच्याकडे बँक, कॉलेज, विमा कंपनी, सगळ्यांच्या पत्रात 'काइंडली इंटिमेट' असतं आणि त्याचा अर्थ 'कळवा', एवढंच. अधिकारी चक्रावला. त्याच्या इंग्रजीत हे क्रियापद आडून सुचवण्यासाठी वापरतात.

खरी पंचाईत पुढेच होती. 'जिवलग नमुना' म्हणणार? 'गुप्तांगाचा' म्हणावं तर साफ चूक. 1984च्या 'पोलीस अँड क्रिमिनल एव्हिडन्स ॲक्ट'नुसार रक्त, लघवी, दातांचा ठसा हे सगळं इंटिमेटच. तोंडातला स्वॅब तेवढा 1994च्या दुरुस्तीनं त्यातून वगळला, म्हणून अटकेत तो संमतीशिवायही घेता येतो. दात खाजगी आणि गालाची आतली बाजू नाही! कायदा करणाऱ्यांचं तर्कशास्त्र त्यांनाच लखलाभ. मी शब्द तसाच ठेवला आणि यादी एकेक करून मराठीत सांगितली.

"म्हणजे रक्तच ना? मग घ्या की."

तोवर संगणकावर 'नकार' अशी नोंद पडली होती. त्याच्या सॉलिसिटरनं आधी ती बदलून घेतली आणि मगच सहीचा कागद पुढे सरकवला.