मूळ अपुरे असताना मेलेला पुढचा दात

सायकलवरून पडून मुलाचा वरचा पुढचा दात तुटतो, दुखणे दोन-चार दिवसांत थांबते, घरचे निर्धास्त होतात आणि काही महिन्यांनी हिरडीवर पुवाची पुळी दिसली की आमच्याकडे येतात. वरचे मधले दात सातव्या-आठव्या वर्षी उगवतात, पण त्यांची मुळे पूर्ण व्हायला पुढे साधारण तीन वर्षे लागतात. त्या काळात दाताची नस मेली, तर मुळाची वाढ तिथेच थांबते, भिंती पातळ राहतात आणि टोक उघडे राहते. नेहमीचे रूट कॅनाल करावे, तर भरलेले द्रव्य अडवायला खाली काही नसते.

पूर्वी अशा दातात कॅल्शियम हायड्रॉक्साइड हे औषध महिनोन्‌महिने ठेवत. टोकाशी कठीण थर येई, पण भिंती जाड होत नसत आणि पुढे किरकोळ धक्क्यानेही दात हिरडीलगत मोडे. एमटीए हे दातात भरायचे सिमेंट वापरून टोक बंद केले की वेळ वाचतो; भिंतींचा प्रश्न उरतोच.

2001 मध्ये जपानमधील इवाया आणि 2004 मध्ये बँक्स व ट्रोप यांनी वेगळा मार्ग दाखवला: मुळात रक्त आणून त्याची थांबलेली वाढ पुन्हा सुरू करण्याचा. (त्यांनी उपचार केलेले दात मार लागलेले नव्हते, खालच्या उपदाढा होत्या, हे सहसा विसरले जाते.) यात फाइलने (सुईसारख्या बारीक उपकरणाने) भिंती खरवडत नाहीत, 1.5 टक्के हायपोक्लोराइट या जंतुनाशकाने सावकाश धुऊन काही आठवडे आत औषध ठेवतात. मिनोसायक्लिन हे प्रतिजैविक असलेल्या मिश्रणाने दात काळवंडतो, म्हणून पुढच्या दातात मी ते टाळते. दुसऱ्या भेटीत भूल मुद्दाम अ‍ॅड्रेनलिनविरहित देते, कारण अ‍ॅड्रेनलिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि इथे तर रक्तच हवे असते. ईडीटीए या द्रावणाने धुतल्यावर बारीक फाइल टोकापलीकडे सुमारे दोन मिलिमीटर नेली की रक्त हळूहळू वर चढते. ते गोठले की त्यावर एमटीए किंवा तसेच दुसरे सिमेंट, बायोडेंटिन. टोकाजवळच्या ऊतीतील मूलपेशी संसर्गातूनही तगू शकतात. सारी भिस्त त्यांच्यावर असते.

'नस परत येईल' असे मात्र मी पालकांना सांगत नाही. तपासलेल्या अनेक दातांत आत सिमेंटम (मुळावरचे कठीण आवरण) किंवा हाडासारखी ऊती आढळली आहे, आणि मार लागलेल्या दातांत मुळाची लांबी वाढेलच असे नाही. पू थांबणे, टोक मिटत जाणे आणि भिंत थोडी तरी जाड होणे, एवढे साधले तरी मी उपचार यशस्वी मानते. त्यासाठी सहा महिन्यांनी, वर्षाने आणि पुढेही एक्स-रे लागतात, आणि दुखेनासे झाले की नेमके तेच टाळले जाते.

नस उघडी पडूनही जिवंत असेल, तर हा खटाटोप लागतच नाही: नसेचा वरचा दोनेक मिलिमीटर भाग काढून उरलेली नस औषधाने झाकली की मूळ बहुधा आपोआप पूर्ण होते. त्यामुळे पडल्यावर दुखत नसले, तरी दात त्याच दिवशी दाखवावा.