तोराह-गायन: उत्पत्ति 29:9 वर अडलेली गाडी

रिफॉर्म (ज्यूंचा उदारमतवादी पंथ) सिनेगॉगमधल्या प्रौढांच्या वर्गाने तोराह, म्हणजे ज्यूंचा मूळ हिब्रू धर्मग्रंथ, सुरात वाचायला शिकण्यासाठी यंदा ‘वायेत्से’ पाराशातला (आठवड्याच्या नेमलेल्या पाठातला) उत्पत्ति 29:1–11 हा भाग घेतला आहे. रिफॉर्म रिवाजात अख्खी पाराशा वाचायचं बंधन नाही, त्यामुळे अकरा वचनं पुरेशी आहेत. एका आलियाला (वाचनाच्या एका हप्त्याला) किमान तीन लागतात. बाकीची वचनं रुळली, पण 29:9 ने (याकोब बोलत असतानाच राहेल मेंढरं घेऊन येते, ते वचन) सगळ्यांचा घाम काढला. म्हणून ही नोंद त्याचीच.

आठवडा 1–2: नुसत्या खुणा. तिक्कूनमध्ये (सरावाच्या पुस्तकात) दोन रकाने असतात. एकात स्वर आणि गायनाच्या खुणा, दुसऱ्यात तोराहच्या चर्मपत्री गुंडाळीत असतं तसं, स्वर-खुणांविना उघडं लेखन. पहिल्या रकान्यात वचनाचे तीन तुकडे पाडले. ‘ओदेन्नू मेदाबेर इम्माम’ला तिप्खा, मुनाख, एत्नाख्ता (ही खुणांची नावं, प्रत्येकीचा सूर ठरलेला), तोराहच्या पहिल्याच ‘बेरेशित बारा एलोहीम’ या शब्दांचा क्रम हाच, त्यामुळे हा तुकडा फुकट मिळाला. शेवटच्या ‘की रोआ ही’ला मेर्खा, तिप्खा, सोफ पासूक, तोही सरावातला. कस लागतो मधल्या तुकड्यात. ‘वेराखेल’ नंतर उभी रेघ आहे, म्हणजे तो साधा मुनाख नव्हे, लेगार्मे (थांबा घेणारा मुनाख) आहे. तिथे तोडायचं आणि मग ‘बाआ’वर रेवीई घ्यायची. रेघ नजरेआड झाली की दोन शब्द एकमेकांना चिकटतात. पुढे ‘इम-हात्सोन’ आडव्या रेघेने जोडलेलं असल्यामुळे ‘इम’ला स्वतःचा सूर नाही. तो पटकन म्हणून पाश्ता ‘त्सोन’वर घ्यायची. हा ‘त्स’ मराठी जिभेला सोपा आहे: ‘चोर’मधला च, ‘चार’मधला नव्हे.

आठवडा 3: आघात. इथे मराठी कान दगा देतो, कारण आघात सरकल्याने अर्थ बदलतो याची आपल्याला सवयच नाही. 29:6 मध्ये ‘बाआ’चा आघात शेवटी आहे: राहेल येते आहे. 29:9 मध्ये तो पहिल्या अक्षरावर आहे: राहेल आली. अकराव्या शतकातल्या राशी या भाष्यकाराने हा फरक टिपून ठेवलाय. सूर बरोबर पण चुकीच्या अक्षरावर, ही वर्गातली सर्वांत चिवट चूक. ती बहुधा ध्वनिफीत ऐकून पाठ करणाऱ्यांचीच होते. चाल डोक्यात बसते, अक्षर बसत नाही. उपाय कंटाळवाणा आहे: पाच दिवस सूर बंद, फक्त बोलून वाचन, आघातावर टेबलावर टिचकी. (चाल तुमच्या समाजाची कोणतीही असो, खुणा त्याच असतात. बेने इस्राएल (मराठी ज्यू) घरांत ऐकलेली चाल वेगळी वाटली तर ती मोडायची गरज नाही.)

आठवडा 4–5: उघडा रकाना. स्वर गेले आणि ‘रोआ’ची ‘राआ’ झाली. रेश, आयिन, हे ही हिब्रू अक्षरं तीच, पण राहेल मेंढपाळ असायच्या ऐवजी वाईट ठरली. अशी अर्थ बदलणारी चूक झाली की बाजूला उभा राहून वाचन तपासणारा गब्बाई थांबवणारच. पुढचाच शब्द ‘ही’ (ती), पण लिहिलाय वाव हे अक्षर घालून, ‘हू’ (तो) सारखा. तोराहमध्ये हे वारंवार येतं. त्यामुळे ‘रोआ ही’ ही जोडी एकत्रच पाठ करावी.

आठवडा 6: खरी गुंडाळी. वायेत्सेची 148 वचनं सलग लिहिलेली आहेत, मध्ये एकही परिच्छेदाची मोकळी जागा नाही. 42 ओळींच्या स्तंभात नजर टेकवायला काही सापडत नाही. त्यामुळे वाचनाच्या आदल्या दिवशी गुंडाळी योग्य स्तंभावर आणून ठेवा आणि आपल्या ओळीच्या सुरुवातीचा शब्द लक्षात ठेवा. ओळ भरायला काही अक्षरं ताणलेली असतात. ताणलेला रेश आणि दालेत ही सारखी दिसणारी अक्षरं सहज गोंधळात टाकतात. याद (ओळ दाखवायची काडी) ओळीच्या किंचित वर धरा, चर्मपत्राला टेकवू नका.

सध्याची स्थिती: 29:9 उघड्या रकान्यातून चारपैकी तीनदा निर्दोष. पुढे 29:10. त्यात ‘लावान आखी इम्मो’ (त्याच्या आईचा भाऊ लावान) तीनदा येतं, आणि याद हलली की नजर पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर उडी मारते. शिवाय 10 मधलं ‘वायाश्क’ (पाणी पाजलं) आणि 11 मधलं ‘वायिशाक’ (चुंबन घेतलं) स्वरांविना अगदी एकसारखे दिसतात. अदलाबदल झाली तर याकोब मेंढरांचे मुके घेत बसेल आणि राहेलला पाणी पाजेल.