दोर वर आधी कोण बांधतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. कडा चढतानाचा फोटो दाखवला की हा प्रश्न येतोच : "दोर वर आधी कोण बांधून येतं?"

कुणी नाही. दोर आमच्याबरोबर खालूनच वर जातो. एक टोक पुढे चढणाऱ्याच्या हार्नेसला, म्हणजे कमर-मांड्यांभोवतीच्या पट्ट्याला, बाकीचा दोर खाली उभ्या जोडीदाराकडे, तो बिले देतो, म्हणजे लागेल तसा दोर सोडतो आणि पडलो तर अडवून धरतो. कातळात थोड्या थोड्या अंतरावर बोल्ट असतात. बोल्टपाशी पोचलं की क्विकड्रॉ, म्हणजे छोट्या पट्टीने जोडलेल्या दोन उघडझाप कड्या, अडकवायचा, त्यात दोर टाकायचा आणि पुढे निघायचं. शेवटचा बोल्ट कमरेच्या दोन मीटर खाली असताना हात सुटला, तर चार मीटर खाली येणारच. शिवाय दोर ताणतो तो वेगळाच.

मग ते बोल्ट कोणी मारले? इथे तुमची शंका अर्धी बरोबर आहे. मुळशीच्या पश्चिमेला, सहसा कुणी न फिरकणाऱ्या एका कड्यावर आम्ही चढाईची नवी वाट केली तेव्हा आधी मागच्या अंगाने, कारवीतून अंग खरचटत वर गेलो. तिथून दोरावर लोंबकळत, हातोडीने कातळ वाजवत उतरलो. टण्ण वाजला तर पक्का. बद्द वाजला की समजायचं, आत पोकळ आहे. ड्रिलने भोक पाडलं की आतली धूळ फुंकून काढायची, नाहीतर बोल्ट धरत नाही. आणि बोल्ट स्टेनलेस स्टीलचेच, आपल्या पावसात साधं लोखंड किती टिकणार?

सह्याद्री म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक थर. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा सापडतो. आमच्या वाटेत तो तिसऱ्या बोल्टच्या वर आहे. हातभर उंच, नखाने उकरता येईल इतका भुसभुशीत. त्यात बोल्ट मारायची सोयच नाही, त्यामुळे चौथा बोल्ट नको तितका लांब गेलाय. वरचा कातळ भोकाभोकांचा. होल्ड, म्हणजे हातापायाला पकड, झकास, पण भोकांत झिओलाइट या खनिजाचे पांढरे स्फटिक, बोटं सोलून निघतात.

त्या पट्ट्यावरून मी दोनदा पडलो. खाली गुरं घेऊन आलेले एक मामा मघापासून बघत होते. तिसऱ्यांदा निघालो तसे म्हणाले, "मागनं वाट हाय की. द्या तो दोर हिकडं, वर हिरड्याला बांधून येतो."