बैलजोडीचा बिल्ला

धातू शोधायचं मशीन घेऊन वावरात उतरलं की गावात पहिला शब्द निघतो तो गुप्तधनाचा. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या दारव्हा तालुक्यात हा शब्द हसण्यावारी नेता येत नाही. म्हणून आधी पोलीस पाटलांच्या कानावर घातलं, निवडणुकीचे जुने बिल्ले शोधायचे ते दिवसाउजेडी, आणि तेही काकांच्या पडीक तुकड्यातच. पूर्वी तिथे आठवडी बाजार भरायचा, प्रचाराच्या सभाही तिथेच व्हायच्या. १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत दहा रुपयांवरचा निधी सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. माझ्यावर ती पाळी आली नाही.

पहिले चार दिवस फुकट गेले, आणि चूक माझीच. खिळे, नाल, वखराच्या पासेचे तुकडे नकोत म्हणून मशीनवर लोखंडाचा आवाज बंद ठेवला होता. पण बिल्ले पत्र्याचे, म्हणजे लोखंडच की! तोवर हाती आलं काय, तर गुटख्याच्या पुड्या आणि चौकोनी पाच पैसे. पाचव्या दिवशी आवाज चालू केला. दर पावलाला कटकट. काळी माती मे महिन्यात दगड झालेली, पण भेगांच्या कडेला सब्बल शिरत होती. वीतभर खाली रुपयाएवढी गंजलेली चकती निघाली.

ती मी लिंबाने घासली. गंजासोबत रंगही गेला. (माझ्यासारखं करू नका.) दुसरी चकती वाळू दिली, दातकोरणीने माती काढली, खोबरेल तेलाचा थेंब लावला. दोन शिंगं दिसली, मग जू.

बैलजोडी म्हणजे काँग्रेस, आणि तीही १९६९ च्या फुटीआधीची. १९७१ ला इंदिराबाईंच्या गटाकडे गाय-वासरू आलं. पण नेमकी निवडणूक कोणती? १९५२ ला आम्ही मध्य प्रदेशात, १९५७ ला मुंबई राज्यात, १९६२ ला महाराष्ट्रात. गाव जागचं हललं नाही, बैलजोडीही तीच. बिल्ल्यावर साल नाही.

आबाजींना दाखवला. त्यांनी तो उजेडात धरला, सदऱ्याला लावून पाहिला. मागची पिन केव्हाच गळून गेलेली.

“म्हणजे तुमचं मत बैलजोडीलाच?” मी विचारलं.

“बिल्ला तं फुकट भेटे बावा,” आबाजी म्हणाले. “मत कोणाले देल्लं, थे नाई सांगत.”