कुंची, जॅकेट आणि नमुन्यांची निवड

भाचीला नोव्हेंबरात मुलगी झाली. तिचं सासर निफाडला, द्राक्षाच्या मळ्यात. तिथली थंडी अशी, की बागा वाचवायला रात्री शेकोट्या पेटवाव्या लागतात. "मावशी, बाळाला कुंची आणि थोरल्याला जॅकेट तूच करून दे," असं तिनं फोनवर सांगितलं आणि मी लगेच हो म्हटलं. क्रोशा मी आईकडून शिकले, पण हातून झालं ते सगळं रुमाल आणि तोरणं. अंगावर घालायचं काही पहिल्यांदाच करणार होते.

रात्रीच्या रात्री नमुने बघत बसले. एका टोपीचा फोटो इतका गोड होता, की बाकी काही न वाचता तुळशीबागेतून लोकर आणली आणि सुरुवात केली. नमुन्यात 6 डबल क्रोशे आणि दर फेऱ्याला 6 टाके वाढवा असं होतं. डबल क्रोशे म्हणजे आपला खांब, हा उंच टाका, म्हणून खांब घातले. चौथ्या फेऱ्याला टोपी चकतीसारखी पसरायचं सोडून शंकूसारखी निमुळती व्हायला लागली. टाके दोनदा मोजले, बरोबर होते. उसवून पुन्हा विणली, तरी तेच.

कारण सापडायला दोन दिवस लागले. नमुना ब्रिटिश होता. अमेरिकन ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात, म्हणजे आपला मुका खांब, त्यालाच ब्रिटिश डबल म्हणतात. आपल्या खांबाला ते ट्रेबल म्हणतात. मुका खांब बुटका, त्याला फेऱ्यामागे 6 टाक्यांची वाढ पुरते. खांब उंच, त्याला साधारण 12 लागतात. आता नमुना उघडला की आधी 'सिंगल' हा शब्द शोधते. तो असला तर नमुना अमेरिकन. टाका सोडायला 'मिस' आणि विणीच्या मापाला 'टेन्शन' लिहिलं असेल तर ब्रिटिश.

मग भाचीला बाळाच्या डोक्याचा घेर मोजायला लावला. 38 सेंमी भरला. विणून पोचेपर्यंत महिना जाणार म्हणून 40 धरला, टोपी नीट बसावी म्हणून त्यातून 2 वजा केले. 38 भागिले 3.14, म्हणजे साधारण 12 सेंमीची चकती झाली की वाढ थांबवायची. हे गणित हाती आल्यावर 'तीन ते सहा महिने' अशा लेबलांवर मला विसंबावं लागलं नाही. टोपीच्या मागच्या बाजूला पाठीवर उतरणारा पदर जोडला की कुंची तयार, त्यासाठी वेगळा नमुना लागलाच नाही. जाळीदार, शिंपल्यांच्या विणीचे नमुने मात्र सोडून दिले. फार सुंदर दिसतात, पण बाळाची बोटं भोकांत अडकतात आणि वारा आत शिरतो. गळ्याशी बांधायचे लांब बंदही ठेवले नाहीत. बाळ झोपलं की कुंची काढून ठेव, हेही भाचीला बजावलं.

थोरला चार वर्षांचा, शेकोटीपासून हलत नाही. आपण दुकानात सगळ्यालाच लोकर म्हणतो, पण लेबल वाचलं तर बहुतेक गुंडे ॲक्रेलिकचे असतात. ॲक्रेलिकवर ठिणगी पडली तर ते वितळून कातडीला चिकटतं. खरी लोकर सहजासहजी पेट घेत नाही. त्याच्या जॅकेटला म्हणून खरी लोकर घेतली. ती टोचते, पण आत सुती सदरा असतोच. बाळ घरातच असतं आणि त्याचे कपडे रोज धुवायचे, तेव्हा कुंचीला मऊ ॲक्रेलिक. दोन्ही गुंडे घेण्याआधी मी ते मानेवर घासून बघितले.

जॅकेटचा नमुना गळ्यापासून खाली विणत जाणारा निवडला. तुकडे शिवायला लागत नाहीत, आणि पोरगं उंच झालं की खालच्या काठाला आणि बाह्यांना आणखी फेरे घालता येतात. सुरुवातीला 10 सेंमीचा चौकोन विणून बघितला. नमुन्यात 16 टाके हवे होते, माझे 18 भरले. माझा हात घट्ट आहे, हे तेव्हा कळलं. 4 मिमीची सुई बदलून 4.5 घेतली आणि मापं जुळली. त्याला मफलरही हवा होता, पण घसरगुंडीवर त्याची टोकं अडकण्याची भीती वाटली, म्हणून गळ्यात चढवायची बंद नळी विणली.

जॅकेटच्या लोकरीचे त्याच लॉट नंबरचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले, दोन गुंडे जास्तीचे घेऊन ठेवलेत. पुढच्या दिवाळीत बाह्या वाढवायच्या आहेत.