पाळी नियमित होती म्हणून कोणाला शंकाच आली नाही – ओहविरा सिंड्रोम, माझा अनुभव

मला १३व्या वर्षी पाळी सुरू झाली आणि तीन-चार महिन्यांतच उजवीकडे खाली ओटीपोटात दुखायला लागलं. आधी पाळीपुरतंच, मग पाळी संपल्यावरही आठ आठ दिवस, आणि दर महिन्याला थोडं जास्तच. लघवीला बसलं तरी पटकन व्हायची नाही, खाली काहीतरी दाबतंय असं वाटायचं. जिथे जाऊ तिथे पहिला प्रश्न, पाळी वेळेवर येते का? हो म्हटलं की झालं, पेनकिलर घ्या, पाळीत दुखतंच.

खरं तर उत्तर आमच्या फाइलमध्येच होतं. मी लहान असताना एका सोनोग्राफीत उजवी किडनी नाही असं आलं होतं, एका किडनीवर माणूस व्यवस्थित जगतो असं सांगितलं गेलं आणि तो कागद मागे पडला. पाळीच्या दुखण्याचा किडनीशी संबंध असेल हे आम्हाला कुठून सुचणार!

दोन वर्षांनी एका डॉक्टर मॅडमनी तो कागद वाचला आणि लगेच एमआरआय करायला सांगितला. मला दोन गर्भाशयं आहेत, योनीमार्गही दोन, आणि त्यातला उजवा पडद्याने बंद. हे आणि त्याच बाजूची किडनी नसणं, सगळं मिळून ओहविरा सिंड्रोम. डावीकडची पाळी बाहेर यायची, उजवीकडची आतच साठत होती, म्हणून सगळं नियमित दिसायचं. मॅडमनी आईला आणि मला चित्र काढून समजावलं की पोटात बाळ घडताना किडनी आणि गर्भाशय शेजारी शेजारी तयार होतात, एका बाजूला गडबड झाली की दोन्हीकडे परिणाम होतो. हे ऐकून मी रडले, भीतीने नाही, कोणीतरी पहिल्यांदा माझं दुखणं खरं मानलं म्हणून.

ऑपरेशन खालूनच झालं, पोटावर टाका नाही. तो पडदा काढला आणि साठलेलं जुनं काळपट घट्ट रक्त बाहेर आलं, नंतरही काही दिवस येत राहिलं, ते आधी सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही. पुढची पाळी आली तेव्हा मी दुखण्याची वाट बघत बसले होते, संध्याकाळ झाली तरी तसं दुखलंच नाही.

उशीर झाला असता तर रक्त उलटं पोटात जाऊन एंडोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) होऊ शकला असता म्हणे. मूल होऊ शकतं, फक्त लवकर डिलिव्हरी होण्याची किंवा बाळ पायाळू असण्याची शक्यता जास्त, त्यामुळे नीट लक्ष ठेवावं लागेल. उघडलेला मार्ग परत आकसू शकतो म्हणून तपासणीला जाते, आणि एकच किडनी असल्याने बीपी, क्रिएटिनिन (किडनी नीट काम करते का ते दाखवणारी रक्ततपासणी), लघवीतलं प्रोटीन वर्षातून एकदा बघते, मनाने पेनकिलर अजिबात घेत नाही.

तुमच्या मुलीला जन्मापासून एकच किडनी असेल तर पाळी सुरू होण्याच्या सुमारास गर्भाशयाची सोनोग्राफी करायची का हे डॉक्टरांना नक्की विचारा. आणि जुने रिपोर्ट सोबत न्या, कोणी मागितले नाहीत तरी.