हार्डवुड फ्लोरच्या फटींत पाणी आणि ‘गळती जुनी आहे’चा शिक्का – माझा अनुभव

लाकडाखाली गेलेलं पाणी वाळतं हो, पण इन्शुरन्सवाल्यांनी एकदा का कागदावर ‘गळती जुनी आहे’ असं लिहिलं की ते खोडून काढताना जीव जातो, म्हणून हे लिहितेय.

आम्ही न्यू जर्सीत, घर १९६०च्या दशकातलं, खालच्या मजल्यावर ओकच्या सव्वादोन इंची पट्ट्या. थंडीत हीटिंगमुळे घरातली हवा कोरडी होते, लाकूड आकसतं आणि पट्ट्यांमध्ये फटी पडतात, आणि ऐन फेब्रुवारीत डिशवॉशरला पाणी देणारा पाइप जोडापाशी सुटला. वरचं पाणी पुसेपर्यंत बरंचसं फटींतून खाली गेलं होतं, बेसमेंटमध्ये जाऊन वर बघितलं तर सबफ्लोरमधून (ओकच्या पट्ट्यांखालच्या लाकडी थरातून) ठिबकत होतं. पॉलियुरेथेनचा, म्हणजे चकचकीत व्हार्निशसारखा, कोट पट्टीच्या वर असतो, फटीत नसतो, त्यामुळे फ्लोर चकचकीत आहे म्हणजे पाणी आत जाणार नाही असं समजू नका. पहिल्या २४ ते ४८ तासांत वाळवायला सुरुवात झाली नाही तर बुरशी धरते, म्हणून लगेच पंखे आणि हवेतली ओल खेचणारे डीह्युमिडिफायर लावून घेतले, ते काम नीट झालं.

मग आला अ‍ॅडजस्टर, म्हणजे नुकसान बघायला इन्शुरन्स कंपनीने पाठवलेला माणूस. तोपर्यंत पट्ट्यांच्या कडा वर उचलल्या होत्या आणि फटींच्या कडेने, आत जिथे खिळे आहेत तिथे, काळे डाग आले होते. त्याने डागांचे फोटो काढले, आमचं धड ऐकूनही घेतलं नाही, आणि नंतर लेटर आलं की हे पाणी बरेच आठवडे झिरपत होतं, म्हणजे पॉलिसीत बसत नाही. अमेरिकेतल्या बहुतेक होम पॉलिसीत हे असंच असतं, अचानक पाइप फुटला तर पैसे, हळूहळू झिरपलं तर काही नाही, त्यामुळे सगळा खेळ ‘अचानक’ या एका शब्दावर. फोन करावा तर दर वेळी वेगळा माणूस, परत पहिल्यापासून सगळं सांगा, आणि शेवटी उत्तर एकच, फाइल रिव्ह्यूमध्ये आहे. मला अजूनही तो होल्डवरचा म्युझिक आठवला तरी डोकं फिरतं. घरात उखडलेलं किचन, पोरं दिवाणखान्यात जेवतायत, आणि तिकडे कोणाला घाई नाही.

डाग जुने नव्हतेच. ओकमध्ये टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं, ते ओलं होऊन लोखंडाला लागलं की काळं पडतं, आपल्याकडे लोखंडी कढईत आवळा काळा पडतो तसंच, त्याला महिने लागत नाहीत. हे आमच्या म्हाताऱ्या फ्लोरवाल्याने सांगितलं, आयुष्यभर ओकच घासलेला माणूस. मग मी ओकचा एक कोरा तुकडा घेतला, त्यावर ओलं फडकं आणि साधे लोखंडी खिळे ठेवले, आणि सकाळी बघते तर तसेच काळे डाग! आधीचा आणि नंतरचा फोटो, फ्लोरवाल्याचं लेखी मत, प्लंबरचं लेटर की जोड अचानक सुटलाय, आणि आधीची पाण्याची बिलं ज्यात वापर वाढलेला नव्हता, असं सगळं एकत्र पाठवून परत इन्स्पेक्शन लेखी मागितलं. सुटलेला पाइप मी झिपलॉकमध्ये ठेवलाच होता. तुम्हीही ठेवा, प्लंबर सवयीने फेकून देतो. त्याच ईमेलमध्ये लिहिलं की नाहीतर राज्याच्या बँकिंग अँड इन्शुरन्स खात्याकडे तक्रार करतेय. यानंतर दुसरा माणूस आला, त्याने नीट पाहिलं आणि क्लेम मंजूर झाला. त्या दिवशी मी आनंदाने अक्षरशः रडले.

आणि इतकं रखडवून झाल्यावर मग त्यांनाच घाई, लगेच सँडिंग करा आणि फाइल बंद करा. अजिबात ऐकू नका. खालून ओलं असताना कडा वर आलेल्या असतात, त्या तेव्हाच घासून सपाट केल्या की लाकूड वाळल्यावर कडा खाली बसतात आणि पट्टी मधे फुगीर राहते. लाकडातली ओल मोजणाऱ्या मॉइश्चर मीटरने कोरड्या खोलीतल्या फ्लोरचं रीडिंग घ्या (आमच्याकडे ८ टक्क्यांच्या आसपास होतं), ओली जागा आणि सबफ्लोर त्याच्या जवळ येईपर्यंत थांबा. आम्ही उन्हाळ्यापर्यंत थांबलो आणि बऱ्याच पट्ट्या आपोआप सपाट झाल्या, बदलाव्या लागल्या त्या फक्त सिंकजवळच्या. काळे डाग ऑक्झॅलिक अ‍ॅसिडने बरेच उतरले, हातमोजे आणि मास्क घालून करा.

हो, एक राहिलं, थंडीतल्या फटी फिलरने (लाकडात भरायच्या लांबीने) भरायला जाऊ नका, उन्हाळ्यात लाकूड फुगतं आणि फिलर बाहेर ढकललं जातं. त्यापेक्षा डिशवॉशरला स्टीलच्या जाळीचा नवीन पाइप लावा आणि गावाला जाताना त्याचा व्हॉल्व्ह बंद करून जा.